बालगोपाल : एक अध्यापक

परप्रांती बदली होऊन गेलेला मराठी माणूस नव्या गावाची ओळख फार ठराविक क्रमाने करून घेतो. प्रथम सरकारी वसाहतीतील घर, मग मुलांची शाळा, मग मराठी मंडळाचा पत्ता, आणि त्यापाठोपाठ गणेशोत्सवाची वर्गणी. हैदराबादेत तर हा क्रम विशेष सुखाचा होतो. येथे विवेकवर्धिनीसारखी शतकाहून जुनी शिक्षणसंस्था आहे, मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, भाद्रपदात आरत्या आहेत आणि आश्विनात दिवाळी अंकांची देवघेव आहे. परिणाम असा होतो की, पाच-सात वर्षे राहूनही आपण ज्यांच्या शहरात राहतो त्या लोकांना कोणाविषयी आदर वाटतो, कोणाचे नाव निघाले असता ते क्षणभर गप्प होतात, हे आपल्याला ठाऊक नसते. त्यांच्या चवी आपल्याला कळतात. त्यांची माणसे कळत नाहीत.

आम्ही मूळचे नांदेडकडचे. आमच्या आजोबांच्या पिढीला हैदराबाद हे परक्याचे शहर नव्हते. ती त्यांची राजधानी होती. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा वेगळा झाला, आणि नातवाला त्याच शहरात ‘परप्रांतीय’ म्हणून यावे लागले. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आम्ही कारकून आहो. तेव्हा तेलुगू शिकावी, निदान बसवरची पाटी वाचता यावी, एवढाच आमचा प्रारंभीचा संकल्प होता. पाट्यांवरून वर्तमानपत्रांवर आणि तेथून पुस्तिकांवर आलो, तेव्हा एक नाव पुन्हा पुन्हा भेटू लागले : बालगोपाल. मराठी कानाला हे नाव ऐकून गोकुळ आणि दहीकाला आठवावा. परंतु कार्यालयातील तेलुगू मंडळी ते नाव घेत तेव्हा त्यांच्या स्वरात काही निराळेच असे. त्यांच्याशी ज्यांचे मतभेद होते तेही प्रथम त्यांच्या प्रामाणिकपणाची ग्वाही देत आणि मगच मतभेद सांगत. हा मान फार थोड्यांच्या वाट्यास येतो.

कंदाळा बालगोपाल यांचा जन्म १० जून १९५२ रोजी बळ्ळारी येथे झाला. बळ्ळारी तेव्हा मद्रास राज्यात होती. पुढच्याच वर्षी ती म्हैसूरकडे गेली. सीमेवरच्या गावांचे हे भाग्य मराठी वाचकांना समजावून सांगावयास नको. बालगोपाल यांचा विषय गणित. वरंगळच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळविली, काही काळ दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत संशोधन केले, आणि १९८१ साली ते वरंगळच्या काकतीय विद्यापीठात गणिताचे अध्यापक झाले. वय एकोणतीस. बुद्धी असामान्य, नोकरी कायम स्वरूपाची, विषय असा की ज्यात कोणाचे शत्रुत्व पत्करण्याचे कारण नाही. अशा माणसाचे पुढचे आयुष्य कसे जावयाचे हे आपण सारे जाणतो : शोधनिबंध, बढती, परदेशचा एखादा दौरा, निवृत्तिवेतन.

ते तसे गेले नाही. का गेले नाही याचे उत्तर ते ज्या गावी आणि ज्या काळी अध्यापक झाले त्यात आहे.

वरंगळ आणि करीमनगर या जिल्ह्यांत तेव्हा जमिनीचा आणि वेठीचा प्रश्न पेटलेला होता. गावोगाव शेतमजुरांचे संघ निघत होते, त्यांत सशस्त्र क्रांतीवर विश्वास असणारे नक्षलवादी पक्ष होते, आणि त्यांना मोडून काढण्यासाठी पोलिसी बळ उतरले होते. ‘चकमकीत अमुक इतके ठार’ हे वाक्य वर्तमानपत्रांत नित्याचे झाले होते. त्या वाक्यामागे काय आहे याची शहानिशा करण्याचा पहिला मोठा प्रयत्न आणीबाणी उठल्यावर १९७७ साली झाला. आणि त्या प्रयत्नाला ज्यांचे नाव मिळाले ते मूळचे सासवडचे होते. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली ती ‘तारकुंडे समिती’ म्हणून आंध्रात आजही ओळखली जाते. आणीबाणीच्या काळात चकमकीत मेले असे सांगितलेल्या तरुणांपैकी काहींना प्रत्यक्षात पकडून मग गोळ्या घातल्या, असा निष्कर्ष तिने पुराव्यांनिशी मांडला. वरंगळचे कवी काळोजी नारायणराव हे त्या समितीचे एक सदस्य. काळोजींचे वडील मराठी आणि आई कन्नड. स्वतः ते मात्र तेलंगणाचे लोककवी झाले. त्यांचा जन्मदिवस, ९ सप्टेंबर, तेलंगणात भाषादिन म्हणून पाळला जातो. आणखी मागे गेलो तर निजामी अमदानीत सभा भरविण्यासही आगाऊ परवानगी मागावयास लावणाऱ्या ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ची, आणि त्या काळी सार्वजनिक कार्य उभे करणाऱ्या वामनराव नाईक व केशवराव कोरटकर या मराठी वकिलांची आठवण येते. सांगावयाचे इतकेच की, नागरिकाच्या हक्कांची ही वाट आपल्या मंडळींना अगदीच अपरिचित नव्हती. मधल्या काळात आपणच तिच्यावरून जाणे सोडले.

बालगोपाल त्या वाटेने गेले. १९८३ साली ते आंध्र प्रदेश नागरी हक्क संघाचे सरचिटणीस झाले. कन्नबिरन हे नामवंत वकील तेव्हा संघाचे अध्यक्ष होते. पुढची वर्षे काय होती हे नुसत्या घटना सांगितल्या तरी पुरे. ३ सप्टेंबर १९८५ रोजी, मारल्या गेलेल्या एका पोलिस उपनिरीक्षकाची अंत्ययात्रा वरंगळातून जात असता, संघाचे उपाध्यक्ष डॉ. रामनाधम यांना त्यांच्या दवाखान्यात शिरून गोळ्या घालण्यात आल्या. ते बालरोगतज्ज्ञ होते. त्याच वर्षी नव्याने झालेल्या ‘टाडा’ कायद्याखाली बालगोपाल यांना अटक झाली आणि सुमारे तीन महिने ते तुरुंगात होते. विद्यापीठातील नोकरी सुटली. १९८९ साली ‘प्रजाबंधू’ असे नाव धारण केलेल्या एका टोळीने त्यांना पळवून नेले. सुदैवाने ते जिवंत परत आले. डिसेंबर १९९१ मध्ये संघाचे वरंगळचे वकील नर्रा प्रभाकर रेड्डी मारले गेले. या सगळ्या काळात बालगोपाल अहवाल लिहीत होते.

आम्हां कारकुनांना या अहवालांविषयी विशेष आस्था वाटावी असे त्यांत काही आहे. कार्यालयात आम्ही दिवसभर टिपणे लिहितो. टिपण म्हणजे काय? कोणी काय मागितले, नियम काय सांगतो, पूर्वी काय झाले, आणि आता काय करणे उचित. उत्तम टिपणात विशेषण नसते. नागरी हक्क संघाचे सत्यशोधनाचे अहवाल वाचताना आम्हांस प्रथम हेच जाणवले. घटना घडली की चार-पाच जणांचा गट गावी जावयाचा, बहुधा साध्या बसने. मृताच्या घरच्यांना भेटावयाचे, शेजाऱ्यांना भेटावयाचे, आणि मग पोलिस ठाण्यात व तहसीलदाराकडेही जावयाचे. जो बोलेल त्याचे म्हणणे लिहून घ्यावयाचे. गोळी कोणत्या बाजूने लागली, दिवस कोणता, प्रेत कोणाच्या ताब्यात दिले, पंचनाम्यावर सह्या कोणाच्या. शेवटी आठ-दहा पानांची पुस्तिका निघे. किंमत एखादा रुपया. १९८५ च्या जुलैत कारंचेडू येथे आणि १९९१ च्या ऑगस्टात चुंडूर येथे दलितांची हत्याकांडे झाली, तेव्हाही नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी याच रीतीने गावोगाव फिरून साक्षी जमविल्या. गणिताच्या माणसाला सिद्धतेवाचून विधान करता येत नाही. बालगोपाल यांनी ती सवय शिवारात नेली. फळ्यावरचे गणित मागे राहिले, परंतु ‘हे कशावरून?’ हा अध्यापकाचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. तो त्यांनी ठाणेदारालाही विचारला आणि पुढे स्वतःच्या मित्रांनाही विचारला.

येथे एका मराठी मुलखातल्या माणसाचे ऋण सांगितले पाहिजे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोव्याचे, पेशाने गणिती आणि कीर्तीने इतिहासकार. इतिहास ग्रंथांत जितका सापडतो तितकाच तो पायाखालच्या जमिनीत, वाटेवरच्या दगडांत आणि चालू रूढींत सापडतो, हे त्यांनी दाखविले. तेलुगू वाचकांना कोसंबींचा परिचय करून देणारे लेखन बालगोपाल यांनी तरुणपणीच केले. एका गणित्याला दुसरा गणिती भावला यात नवल नाही. परंतु पुण्याच्या टेकड्या पायाखाली घालणाऱ्या कोसंबींचा वारसा वरंगळच्या एका अध्यापकाने असा पुढे चालवावा, याचा आनंद आम्हांस झाला.

आता जी गोष्ट आमच्या मनाला सर्वांत अधिक लागली ती सांगतो. आम्ही सरकारी नोकर आहो. संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदाने आम्हांस एक अभय दिले आहे. आरोप काय आहे ते लेखी कळविल्यावाचून, चौकशी केल्यावाचून आणि आमचे म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून आम्हांस सामान्यतः बडतर्फ करता येत नाही. बडतर्फी दूरच राहिली. एक वेतनवाढ रोखावयाची तरी आधी पत्र येते, खुलासा मागतात, खुलाशावर विचार केल्याचे आदेशात लिहावे लागते. या तरतुदींच्या आधारावर आम्ही रात्री निश्चिंत झोपतो. बालगोपाल यांचे सारे लेखन वाचून झाल्यावर आमच्या ध्यानात आले की, हा मनुष्य काही विलक्षण मागत नव्हता. आमच्या वेतनवाढीला जे संरक्षण आहे तेच जंगलातल्या गोंडाच्या जिवाला असावे, एवढीच त्याची मागणी होती. आरोप असेल तर सांगा, पकडा, न्यायाधीशापुढे उभे करा, त्याचे ऐका, मग शिक्षा द्या. संविधानाचा २१ वा अनुच्छेद याहून निराळे काही सांगत नाही. आपण ज्या कार्यपद्धतीचा दररोज कंटाळा करतो, तिच्या अभावी माणसे मरतात, हे आम्हांस कार्यालयात कोणी शिकविले नव्हते.

वसाहतीतल्या सायंकाळच्या गप्पांत हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : ‘पोलिस मरतात तेव्हा ही हक्कवाली मंडळी कोठे असतात?’ प्रश्न रास्त आहे. भूसुरुंगात उडालेल्या शिपायाच्या घरीही म्हातारे आईबाप असतात. प्रश्न विचारणाऱ्यांना बहुधा हे ठाऊक नसते की, बालगोपाल यांनी तो स्वतःच स्वतःला विचारला होता आणि त्याच्या उत्तराची किंमतही मोजली होती. १९९० नंतरच्या वर्षांत सशस्त्र पक्षांनी ‘खबरे’ म्हणून सामान्य गावकऱ्यांना मारावे, निवडून आलेल्यांना मारावे, याविरुद्ध ते उघडपणे लिहू लागले. गरिबांच्या नावाने चाललेली हिंसा अखेर गरिबांनाच गप्प करते, असे त्यांनी मांडले. हक्कांची पायमल्ली केवळ सरकार करीत नाही. जात करते, पुरुष करतो, पैसा करतो आणि क्रांतीही करते, हा त्यांचा निष्कर्ष. संघात यावरून मोठा वाद झाला. ज्यांच्याबरोबर एका बसमध्ये बसून गावे पालथी घातली, ज्यांच्याबरोबर प्रेते मोजली, त्या मित्रांपासून ते दूर झाले. १९९८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मानवी हक्क मंच’ ही नवी संस्था स्थापन केली.

तथापि एक भेद त्यांनी कधी पुसला नाही. शस्त्र घेतलेल्या माणसाने कायदा मानण्याचे वचन दिलेले नसते. सरकारने ते दिलेले असते. म्हणून सरकारला त्याच्याच शब्दाची आठवण करून देणे हे सरकारशी वैर नव्हे. आम्हांस तर असे वाटते की सरकारवर इतका विश्वास आम्हां नोकरांचाही नसतो. कायद्याचे पुस्तक उघडून ‘हे आपणच लिहिले आहे ना?’ असे पुन्हा पुन्हा विचारणाऱ्याची त्या पुस्तकावर श्रद्धा असलीच पाहिजे.

ती श्रद्धा केवळ बोलण्यातली नव्हती. वयाच्या पंचेचाळिशीनंतर या गणित्याने वकिलीची सनद घेतली आणि आंध्र प्रदेशाच्या उच्च न्यायालयात तो उभा राहू लागला. विस्थापित शेतकरी, जमीन गमावलेले आदिवासी, कोठडीत मेलेल्यांचे नातलग हे त्यांचे अशील. शुल्काचा प्रश्न बहुधा उद्‌भवत नसे. चकमकीत झालेल्या प्रत्येक मृत्यूची गुन्हा म्हणून नोंद झाली पाहिजे, स्वसंरक्षणाचा दावा पोलिसांनी न्यायालयात सिद्ध केला पाहिजे, तो तपासातच मान्य करून टाकता येणार नाही, असा निर्णय त्या न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ फेब्रुवारी २००९ रोजी दिला. त्यामागे ज्यांचे युक्तिवाद होते त्यांत बालगोपाल होते. पुढे सर्वोच्च न्यायालयात त्याला स्थगिती मिळाली आणि तो जसाच्या तसा अमलात आला नाही. परंतु बीज वाया गेले असेही नाही. मुंबईतील चकमकींसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी जे निर्देश घालून दिले, त्यांत गुन्ह्याची नोंद, स्वतंत्र तपास आणि दंडाधिकाऱ्याची चौकशी या गोष्टी आहेत. वरंगळचा प्रश्न असा मुंबईच्या वाटेने देशाला लागू झाला.

सर्वच लढ्यांचा शेवट इतकाही समाधानाचा नव्हता. तेव्हाच्या विशाखापट्टणम जिल्ह्याच्या डोंगराळ भागात वाकपल्ली नावाची लहानशी वाडी आहे. २० ऑगस्ट २००७ रोजी शोधमोहिमेवर आलेल्या पोलिसांनी आपल्यावर अत्याचार केला, अशी तक्रार तेथील कोंध जमातीच्या अकरा स्त्रियांनी केली. मानवी हक्क मंच त्यांच्या पाठीशी उभा राहिला. खटला नुसता उभा राहावयास कित्येक वर्षे गेली. बालगोपाल तोवर राहिले नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये निकाल लागला : तपासच नीट झाला नाही म्हणून आरोपी सुटले, आणि त्या स्त्रियांना भरपाई द्यावी असे न्यायालयाने सांगितले. पंधरा वर्षांहून अधिक काळ त्या अकरा जणींनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. डोंगर उतरून परक्या भाषेच्या न्यायालयात साक्ष देणे ही काय गोष्ट आहे, हे परप्रांतात राहणाऱ्या आपणांस थोडेफार तरी कळावे.

कोणी विचारील, केंद्रीय कर्मचाऱ्याने हे लिहावे काय? १९६४ चे वर्तणूक नियम आम्हांस पाठ आहेत. सरकारवर टीका करू नये असे त्यांतील नववा नियम सांगतो. आम्ही टीका केलेली नाही. न्यायालयांत जे झाले, संविधानात जे आहे, आणि एका अध्यापकाने जे केले तेवढेच सांगितले आहे. सभेत भाषण करणे, संस्थेचे सभासद होणे हा आमचा मार्ग नव्हे. मग अशा माणसाचे चरित्र आमच्या काय कामाचे, हा प्रश्न उरतो.

त्याला आमच्यापाशी एक लहानसे उत्तर आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या मेजावर एका रोजंदारी कामगाराचा अर्ज आला. आठ वर्षे काम केल्यावर ‘उद्यापासून येऊ नको’ असे त्याला तोंडी सांगण्यात आले होते. ३११ व्या अनुच्छेदाची छाया त्याच्यावर पडत नाही. अर्ज ‘दाखल’ करून ठेवावा, म्हणजे दप्तरी टाकावा, अशीच प्रथा. आम्ही टिपणात एक वाक्य लिहिले : ‘संबंधितास आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्याचे कागदपत्रांवरून दिसत नाही.’ फाइल ‘चर्चा करावी’ अशा शेऱ्यानिशी परत आली. चर्चा झाली; ती आमच्या दृष्टीने फारशी सुखाची नव्हती. वाक्य आम्ही काढले नाही. अखेर त्या कामगाराला बोलावून त्याचे ऐकून घेण्यात आले. त्याला काम परत मिळाले नाही. मात्र थकलेली दोन महिन्यांची मजुरी मिळाली, आणि काम का गेले याचे कारण लिहिलेला, सही-शिक्क्याचा एक कागद मिळाला. तो कागद त्याने घडी करून वरच्या खिशात ठेवला. मजुरीचे पैसे त्याने मोजले नाहीत. कागद मात्र दोनदा वाचून घेतला.

८ ऑक्टोबर २००९ रोजी बालगोपाल हैदराबादेत वारले. वय अवघे सत्तावन्न. गोळीने नव्हे, टोळीने नव्हे. पोटाच्या साध्या विकाराने गेले. त्यांच्या मागे इस्टेट राहिली नाही. लेख राहिले, अहवाल राहिले, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तील त्यांच्या लेखांचा २०११ साली निघालेला इंग्रजी संग्रह राहिला. दरवर्षी ऑक्टोबरात त्यांच्या स्मरणार्थ सभा भरते. तेथे हारतुरे थोडे आणि व्याख्याने फार असतात. श्रोत्यांत खेड्यांतून बसने आलेली माणसे मांडीवर वही ठेवून उतरून घेत असतात, आणि व्याख्यान संपले की उभे राहून प्रश्न विचारतात. अध्यापकाची पुण्यतिथी याहून चांगली कशी साजरी करावी?

आपल्यापैकी अनेकांची बदली आज ना उद्या होईल. सामान बांधताना त्या त्या गावची एखादी आठवण आपण बरोबर घेतो. कोणी मोत्यांचा सर घेतो, कोणी बिद्रीचे भांडे. आमची मित्रांना इतकीच सूचना आहे की, त्या सामानात तेथल्या एका माणसाचे चरित्रही असावे. ते तेथल्याच भाषेत, निदान तेथल्याच लोकांच्या तोंडून ऐकलेले असावे. आणि दुसऱ्या गावच्या मेजावर एखादा अर्ज येऊन पडेल, त्या वेळी ‘याचे म्हणणे कोणी ऐकले आहे काय?’ एवढा एक प्रश्न त्या चरित्राने आपल्याकडून लिहवून घ्यावा.